निळा भात

रेशनचं रॉकेल निळं असतं. कपड्यांना घालायची नीळ निळी, पेनातली शाई निळी, पिकावर फवारायचं मोरचूद निळं. आमच्या घरात निळ्या वस्तूंना काही तोटा नव्हता, पण त्यातली एकही तोंडात घालण्यासारखी नव्हती. कॉलेजात जाईपर्यंत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ती आणून दिली माझ्या थोरल्या भावानं, आणि तीही चुकून, कारण बुद्धभूषणनं मला मुद्दाम काही शिकवल्याचं आठवत नाही.

नव्याण्णव सालची बाबासाहेबांची जयंती जवळ आली होती. गडमुडशिंगीतल्या आमच्या वस्तीचा बुद्धभूषण तरुण मंडळाचा अध्यक्ष. झेंडे निळे, मांडव निळा, फेटे निळे, मिरवणुकीत उधळायची पावडर निळी. एवढ्यावर थांबेल तो बुद्धभूषण कसला! बैठकीत उठून म्हणाला, कोल्हापूरला तांबडा रस्सा आहे, पांढरा रस्सा आहे, मग आपल्या पंगतीत निळं काहीच का नाही? पोरांनी टाळ्या पिटल्या. पंगतीचा स्वयंपाक दरवर्षी आमच्या आईकडे, म्हणजे मीनाबाईकडे. ती शहरातल्या एका दवाखान्यात आया होती आणि रंगीत गोळ्या खाऊन उलट्या करणारी पोरं तिनं पोतंभर पाहिली होती. बाटलीतला रंग माझ्या भांड्यात पडणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. मग बुद्धभूषणचं बोट माझ्याकडे वळलं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. दीप्ती शिकलेली आहे, ती खरं निळं शोधून आणेल, असं त्यानं मला न विचारताच जाहीर केलं.

मला वाटलं, त्यात काय अवघड आहे. कपिलतीर्थ मंडईत गेले आणि डोकं फिरायची वेळ आली. हिरवं, लाल, पिवळं, पांढरं, भगवं, सगळं हजर. वांगं लांबून निळसर वाटायचं, हातात घेतलं की जांभळं आणि आतून पांढरं. काळी द्राक्षं चोळली तर बोटं लाल. जांभळं अजून आली नव्हती आणि आली असती तरी त्यांचं नावच जांभळं. एका भाजीवाल्याला विचारलं तर त्यानं मला खालून वर पाहिलं आणि पावणं कुठल्या गावचं म्हणून विचारलं. निळी भाजी मागणारं माणूस कोल्हापूरचं असणं शक्यच नाही, अशी त्याची खात्री होती.

कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांना गाठलं. ते खूश झाले, कारण त्यांना कोणी कधी काही विचारत नसे. ते म्हणाले, झाडांना निळा रंग सरळ करताच येत नाही. त्यांच्याकडे असतो लाल-जांभळा रंग, आणि तोच ती वळवून वळवून निळा करतात. आंबटपणा लागला की तो परत लाल होतो. फळं बहुतेक आंबट, म्हणून फळात निळं टिकत नाही. मी विचारलं, मग माणूस निळं खायला बिचकतो ते निळं खाणं नसतंच म्हणून, की कोणी खात नाही म्हणून झाडं ते करत नाहीत? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

निळं सापडलं ते घरी परत येताना, आणि तेही शालूमावशीच्या कुंपणावर. गोकर्णीचा वेल. सांडपाण्यावर पोसलेला, उन्हाळ्यातही फुलांनी गच्च. दर सोमवारी शालूमावशी त्यातली फुलं शंकराला वाहायची. आणि तिथूनच हे प्रकरण माझ्या हातातून निसटून आईच्या हातात गेलं, कारण शालूमावशीचं नाव निघालं की आईचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही.

शालूबाई आमची दूधवाली. तिची घरची शेती, तीन म्हशी, नवरा पिराजी. माझ्या जन्माआधीपासून ती सकाळी आमच्या दारात दूध घालत आली. दूध घालून झालं की उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसायची आणि दोघी गप्पा हाणायच्या. आईला टायफॉइड झाला तेव्हा हीच बाई आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, भाकऱ्या करून आणत होती, आईचे केस विंचरत होती. शिवाशिवीचं म्हणाल तर असं. पण आमच्या घरचा चहा तिनं कधी घेतला नाही. पाण्याचा घोट नाही. दर वेळी कारण तयार. सोमवारी शंकर, मंगळवारी अंबाबाई, गुरुवारी दत्त, शुक्रवारी लक्ष्मी, शनिवारी मारुती, रविवारी जोतिबा. राहिला बुधवार. त्या दिवशी तिची दाढ दुखायची.

बुद्धभूषण म्हणायचा, यात न समजण्यासारखं काय आहे, ती आपल्या घरचं खात नाही, विषय संपला. आई म्हणायची, तिला उपासाची सवय आहे, तू गप. मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. एखादी बाई तुमचं डोकं मांडीवर घेते आणि तुमच्या कपातला चहा घेत नाही, तर तिला आपलं म्हणायचं की परकं? आईनं तिला आपलं म्हणायचं ठरवलं होतं. तिची एकच इच्छा होती, शालूबाईनं एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं जेवावं. ती हे कुणाला बोलून दाखवायची नाही, पण दरवर्षी जयंतीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला स्वतः जायची आणि परत आली की उगीच भांडी घासत बसायची.

त्या वर्षी जयंती बुधवारी आली होती. हे आईनं कॅलेंडर बघून आधीच हेरून ठेवलं होतं.

मी फुलं मागायला गेले तर शालूमावशीनं काय करणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, पंगतीचा भात निळा करायचाय. तिला ते खरं वाटेना. मग पोट धरून हसली आणि स्वतः कुंपणाशी उभी राहून टोपली भरभरून फुलं खुडून दिली. आईनं ही संधी साधली. म्हणाली, शालूबाई, तुमच्याच फुलांचा भात, आता तरी यायला पाहिजे. शालूमावशी म्हणाली, "येते की. माझ्याच येलाचा भात म्हंजे मला बगायला नगो व्हय?" आई घरी आली ती गाणं गुणगुणत. मला मात्र शंका आली. ती बघायला येते म्हणाली होती, जेवायला येते म्हणाली नव्हती. पण आईला हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आदल्या रविवारी भाताचा थोडा नमुना करून बघितला. फुलं पाण्यात भिजवली, पाणी असं निळं झालं की आमचे आबासुद्धा, म्हणजे वडील धोंडीराम, पेपर सोडून चुलीपाशी आले. त्या पाण्यात तांदूळ शिजायला टाकले. आईनं झाकण काढलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं अर्धं लिंबू पिळलं. पंगतीचा भात मोकळा होण्यासाठी ती नेहमी पिळते. बघता बघता भात गुलाबी-जांभळा झाला. आई पातेल्याकडे बघत उभी. बुद्धभूषण म्हणाला, झालं, आता कुणाचा झेंडा लावायचा? मी सरांचं सांगितलं, आंबट लागलं की निळं पळतं. आई लिंबाची फोड हातात धरून म्हणाली, हा रंग आहे की सोंग? त्यातल्या त्यात आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात निळं जास्त गडद यायचं. म्हणून लिंबू बाद झालं, बोअरचं पाणी ठरलं, आणि भात मोकळा होण्याची जबाबदारी नशिबावर सोपवली.

जयंतीच्या दिवशी भात निळा झाला. अगदी झेंड्यासारखा निळा. मोठ्या परातीत काढला तेव्हा पोरांनी घोषणा दिल्या आणि फोटो काढले. पंगत बसली. शालूमावशी आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून आली आणि बायकांच्या पंगतीत आमच्या चिमणाबाई आजीशेजारी मांडी घालून बसली. तिच्या पत्रावळीवर आईनं स्वतः वाढलं. भात, त्यावर आमटी, बाजूला मिठाईच्या दुकानातून आणलेली बुंदी.

आमटीत हळद असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण निळ्यावर पिवळं पडलं की काय होतं याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. भात कडेनं हिरवा व्हायला लागला. शिळ्या भाकरीवर बुरशी चढावी तसा. वर आमटीच्या तेलाचा तवंग. अख्खी पंगत पत्रावळीकडे बघत बसली. कुणीतरी साप चावलेल्या माणसाची आठवण काढली. आबांनी डोळे मिटून घास घेतला आणि चव नेहमीचीच आहे असं सांगितलं. बुद्धभूषणनं अभिमानापायी दोनदा मागून खाल्लं, पण घास गिळताना त्याची मान बगळ्यासारखी लांब होत होती. चिमणाबाई आजीनं तर बोट लावून सोडून दिलं. जन्म गेला तिचा या निळ्या झेंड्याखाली, मोर्चात लाठी खाल्लेली बाई. म्हणाली, "रंग आपलाच हाय गं, खरं पोटात जाईना. रॉकेल सांडल्यागत दिसालंय."

मी शालूमावशीकडेच बघत होते. तिनं भात कालवला. घास केला. घास पत्रावळीवरून उचलला, आणि खाली ठेवला. परत उचलला, परत ठेवला. मग आईकडे बघून म्हणाली की पोटात ढवळतंय बाई, बघूनच कसंतरी व्हायलंय, राग मानू नको. बुंदी तिनं नातवासाठी म्हणून पदरात बांधून घेतली. आई म्हणाली, असू दे, असू दे, आमच्याच माणसांना जाईना तर तुम्हाला कुठून जाणार. आणि हे बोलताना ती चक्क हसत होती.

घरी आल्यावर आमची जुंपली. बुद्धभूषण म्हणाला, बघितलंस, शेवटी नाहीच खाल्लं. मी म्हटलं, मग चिमणाबाई आजीनं का नाही खाल्लं, तीही जात पाळते की काय? तो म्हणाला, पण बुंदी नेली की. मी म्हटलं, नेली म्हणजे आपल्या घरचं चालतं. तो म्हणाला, बुंदी दुकानातली होती. मी म्हटलं, पण वाढली आईनं. तो म्हणाला, खाल्ली कुणी बघितली, म्हशीला घातली असेल. असं आम्ही फिरत राहिलो आणि गाडी पुन्हा तिथंच यायची. घास दोनदा उचलला होता तिनं. खायचा नसता तर उचलला कशाला? आणि खायचाच होता तर रंगानं एवढं अडलं? रंगानं अडलं की आणखी कशानं? आई कोपऱ्यात बसून उरलेला भात गाईसाठी बादलीत भरत होती. तिचा चेहरा मला गेल्या कित्येक जयंत्यांपेक्षा बरा दिसला, आणि त्यानं मी आणखीच चक्रावले.

मला अर्धवट राहिलेलं काही सहन होत नाही. वळण तसंच आहे, कुणी काय करणार. प्रयोगशाळेत शिकवतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. मी ठरवलं, भाताचा रंग बदलायचा. बाकी सगळं तेच, तीच शालूमावशी, तीच आई, तोच वार. म्हणजे एकदाचं कळेल.

पुढच्या बुधवारी आईला दुपारची पाळी होती. सकाळी उठून मी पांढरा भात लावला. मोकळा, वाफाळता. बाजूला साधी आमटी. आईला वाटलं, मी कॉलेजला डबा नेणार. डबा नव्हता न्यायचा, पण सरांना वर्गात दाखवायला गोकर्णीचं पाणी हवं होतं, म्हणून मी तांब्याभर फुलं रात्रीच भिजवून ठेवली होती. तो तांब्या चुलीशेजारी होता.

शालूमावशी आली. हाक मारून तिनं काखेतली दुधाची किटली सरळ केली, मापटं काढलं. मी ताट वाढून दारातच उभी होते. पाट मांडला होता, आत, उंबऱ्याच्या अलीकडे. मी म्हटलं, "मावशी, आज पांढरा भात हाय. बसा, चार घास खावा आणि मग जावा."

आई चुलीपाशी होती. ती गर्रकन वळली. शालूमावशीनं माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग आईकडे. बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. शालूमावशीनं दाढ दुखते म्हटलं नाही, उपास म्हटलं नाही. तिनं किटली खाली ठेवली. मापटं किटलीवर उपडं घातलं. पदर कमरेला खोचायला हात नेला.

आणि तेवढ्यात आईनं तो तांब्या उचलला, माझ्या हातातल्या ताटावर उपडा केला. भातावर, आमटीवर, माझ्या हातावर, सगळीकडे निळं पाणी. फुलं भाताच्या ढिगावर चिकटून बसली.

आई मोठ्यानं हसली. म्हणाली, "ह्या पोरीला निळ्याचं याड लागलंय शालूबाई. पांढरा म्हणून तुमास्नी फसवून परत त्योच निळा भात घालनार हुती. जावा तुमी, जावा. नायतर परत पोटात ढवळंल."

शालूमावशी जागची हलली नाही. मी तिचा चेहरा इतक्या जवळून बघत होते आणि तरी मला तो वाचता आला नाही. सुटले बाई, असं त्यावर होतं की हिरमोड? आधी तिचं तोंड किंचित उघडं राहिलं, मग तीही हसली, पण आईपेक्षा उशिरा हसली. न्हाय बाई, त्यो निळा नगो, असं काहीसं ती पुटपुटली. दूध घातलं, किटली काखेत घेतली आणि पायरीवर न बसताच गेली.

मी आईवर अशी भडकले की आबा आंघोळ अर्धी सोडून बाहेर आले. मी म्हटलं, आज कळलं असतं, इतक्या वर्षांचं आज कळलं असतं, तू का मधे आलीस? आईनं आधी ताट माझ्या हातातून काढून घेतलं, फडक्यानं माझे हात पुसले. मग खाली बसली.

"तुला कळायचं हुतं," ती म्हणाली. "मला न्हवतं. निळा भात तिनं खाल्ला न्हाय, तर भाताचा दोष हाय. पांढरा खाल्ला नसता तर? मग मी उद्या दार उघडून कुनाचं दूध घेऊ, कुनासंगं बोलू? झाकली मूठ सव्वा लाखाची असती पोरी."

मी विज्ञान शिकत होते, आणि माहीत करून घेणं केव्हाही बरं, हे मी धरून चालले होते. आईचं ऐकून मला तेही धड वाटेना. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं की तिच्या किवेचं, हेही मला सांगता आलं नसतं. आबा टॉवेल गुंडाळलेले तसेच उभे होते आणि कोणाच्या बाजूनं बोलावं हे त्यांना कळत नव्हतं.

आई निळं झालेलं ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली. बोटानं फुलं बाजूला सारत होती, खालचा भात कुठं पांढरा उरलाय का बघत. मग तिनं मान वर केली. मघाचं हसू पार गेलं होतं.

"दीप्ते," ती म्हणाली, "किटली खाली ठिवली हुती न्हवं गं तिनं?"

मी म्हटलं, व्हय, ठेवली होती.

"रोज काखंतच असती. बोलत बसली तरी मांडीवर असती. खाली कवाच ठिवत न्हाय." तिनं ताट बाजूला सारलं. "मग आज का ठिवली असंल?"